जुन्या हॉटेलाचे नवे अंतरंग

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे आधी खाण्याची जागा. यवतमाळच्या बसस्थानकावर उतरून एखाद्याने ऑटोवाल्याला ‘चांगल्या हॉटेलात ने’ म्हटले, तर ऑटो चहा-नाश्त्याच्या दुकानापुढे थांबण्याचाच संभव अधिक. मुक्काम करायचा असेल तर ‘लॉज’ म्हणावे लागते. त्याही आधी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होती, साहेबासाठी डाकबंगला होता, आणि गावात एकट्याने नोकरी करणाऱ्यासाठी खानावळ होती. कायद्याची भाषा तर आणखी जुनी. देशाच्या अनेक भागांत मुक्कामाच्या जागांची नोंदणी १८६७ च्या ‘सराई’ कायद्याखाली होत आली. परक्या माणसाला रात्रीपुरते छप्पर द्यायचे, ही एकच गोष्ट आपण इतक्या नावांनी ओळखत आलो, कारण पाहुणा कोण आहे यावर घराची रचना ठरत होती.

पाहुणा बदलला की घर बदलते. दर पिढीला त्याच्या अपेक्षा नव्या असतात. विजेचा पंखा, मग खोलीला जोडून न्हाणीघर, मग वातानुकूलन, मग दूरचित्रवाणी, आणि आता वायफाय. शहराच्या मध्यवस्तीत उभ्या असलेल्या जुन्या हॉटेलाला त्यामुळे आतून सतत नवे व्हावे लागते. पण त्याची ओळख असते ती जुनेपणात. ही ओढाताण कशी सोडवली गेली, कोठे सुटली नाही, आणि विदर्भातल्या आमच्यासारख्या गावाने त्यातून काय घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणे मुंबईची घेतली आहेत, कारण तेथल्या इमारतींचा इतिहास नोंदलेला आहे. प्रश्न मात्र जिल्ह्याच्या गावांचाही आहे. कापसाच्या भरभराटीच्या काळात बांधलेल्या लॉज आणि वाडे सध्या एकामागून एक आतून पोखरले जात आहेत, आणि त्यांची नोंदही कोणी ठेवत नाही.

मालक हरवलेली इमारत

काळा घोडा भागातली ‘एस्प्लनेड मॅन्शन’ ही इमारत म्हणजे एके काळचे वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने या इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून घेतला, जहाजाने मुंबईत आणला आणि येथे जोडला. रचना रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याची. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची भारतात आज उभी असलेली ही सर्वांत जुनी इमारत मानली जाते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ येथेच झाला. त्याच वर्षी मार्क ट्वेन येथे उतरला होता, आणि सज्जातल्या कावळ्यांवर त्याने आपल्या प्रवासवर्णनात मजेदार मजकूर लिहिला आहे.

लोखंडी सांगाड्याचा एक मोठा गुण असा की भार खांब-तुळयांवर जातो, भिंती मोकळ्या राहतात. आतली मांडणी हवी तशी बदलता येते. दगड-विटांच्या जुन्या इमारतीत भिंत पाडताना जी धास्ती असते ती येथे नाही. म्हणजे नव्या अंतरंगासाठी याहून सोयीची वास्तू शोधून सापडली नसती. झाले उलटेच. १९६० च्या दशकात हॉटेल बंद पडले आणि इमारत लहान लहान गाळ्यांत विभागून भाड्याने दिली गेली. न्यायालये हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांची कार्यालये आली. ज्याला जेथे हवे तेथे त्याने लाकडी-प्लायवूडची आडभिंत घातली, पोटमाळा चढवला, नळ ओढला. प्रत्येकाचा कोपरा आतून नवा होत गेला, पण सज्जे, छप्पर, पावसाळी पन्हाळी यांची काळजी घेणारा कोणी उरला नाही.

यामागे कायद्याचा हात आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या नावातच ‘हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण’ हे शब्द होते. विदर्भाला तो लागू नव्हता. आपल्याकडे मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश होता. दोन्हींची जागा पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचवणारे हे कायदे गरजेचे होते यात शंका नाही. पण गोठलेल्या भाड्यात इमारत सांभाळणे मालकाला परवडेना, आणि जी इमारत आपली नाही तिच्यावर भाडेकरू खर्च करीना. २००५ मध्ये सज्ज्याचा एक भाग कोसळला. जागतिक स्मारक निधीच्या २००६ च्या धोक्यातील शंभर स्थळांच्या यादीत या इमारतीचे नाव आले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली.

अंतर्गत सजावटीचा विचार करताना वॉटसन्सचा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आतले नवे काम वाईट असल्याने ही इमारत धोक्यात आली नाही. आतले आणि बाहेरचे एकाच हाती राहिले नाही, म्हणून ती धोक्यात आली.

स्मृती राहिली, पाहुणचार गेला

क्रॉफर्ड मार्केटजवळचे ‘सरदारगृह’ मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की येथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी येथेच त्यांचे निधन झाले. मुंबईत मराठी माणसाला आपल्या चालीरीतीप्रमाणे राहता-जेवता येईल अशी ती जागा होती. टिळकांच्या अनुयायांत आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे अग्रभागी होते, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्याच्या राजकीय स्मृतीतही या इमारतीला स्थान आहे. इमारत उभी आहे, पण पाहुण्यांचे घर म्हणून तिची ओळख मागे पडली. एका खोलीची स्मृती जपली गेली. बाकीच्या इमारतीने मुक्कामाला आलेल्यांचे काय केले, पंगत कोठे बसे, सामान कोठे ठेवत, याचे चित्र आज इमारतीकडे पाहून उभे राहत नाही.

रीगल सिनेमासमोरचे ‘मॅजेस्टिक’ हे तिसरे उदाहरण. डब्ल्यू. ए. चेंबर्स या वास्तुकाराचे, घुमट-मिनारांचे हे हॉटेल पुढे सरकारने घेतले आणि त्याचे आमदार निवास झाले. जिल्ह्यातून मंत्रालयात कामासाठी गेलेल्या कित्येकांनी आमदारांच्या ओळखीवर तेथे रात्र काढली असेल. मूळ उपयोगाशी जवळचा नवा उपयोग मिळाला की इमारतीला आयुष्य मिळते, पण तिचे अंतरंग सरकारी खोलीच्या वळणावर जाते. ट्यूबलाइट, स्टीलचे कपाट, तैलरंगाचा पट्टा. पाहुणा तेथे आपणहून येत नाही, तो चिठ्ठीवर येतो. मग त्याला आवडेल असे काही करण्याची गरज राहत नाही.

ताजमहाल: सतत चाललेले काम

या तिघांच्या तुलनेत ‘ताजमहाल’ची कथा उजळ आहे, आणि म्हणूनच तिच्यावर दंतकथांची पुटेही जास्त आहेत. जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून त्यांनी ताज बांधले, ही कथा सर्वतोमुखी आहे. तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. दुसरी कथा अशी की कंत्राटदाराने नकाशा उलटा धरला, इमारतीचे तोंड समुद्राकडे येण्याऐवजी पाठ आली, आणि वास्तुकाराने जीव दिला. हीही बनावट आहे. आराखडा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असून त्याची उघडी बाजू शहराकडे होती. पाहुण्यांच्या गाड्या शहराकडून येत आणि त्याच अंगणात शिरत. समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी राखली होती. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच; तो १९२४ मध्ये पुरा होऊन खुला झाला. आज आपण गेटवेपाशी उभे राहून इमारतीकडे पाहतो म्हणून आपल्याला ती ‘उलटी’ वाटते.

या हॉटेलाच्या वास्तुकारांत पहिले नाव मराठी माणसाचे आहे, हे फारसे सांगितले जात नाही. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे ते नाव. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बांधकामात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे सहायक अभियंता म्हणून त्यांनी काम केले होते. ताजसाठी त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा होते, आणि इमारत पुरी केली ती मॅजेस्टिकच्या त्याच चेंबर्सने. मधोमध असलेला, आधाराच्या खांबांशिवाय वर चढत जाणारा जिना बांधणाऱ्या सोराबजी रतनजी या कंत्राटदाराचे कसब मानला जातो. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा पाहुणे होते अवघे १७.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्यावा. ताज आज आपल्याला ‘वारसा’ वाटते. १९०३ मध्ये ते अगदी ताजे, जवळजवळ उद्धट म्हणावे इतके आधुनिक होते. विजेचे दिवे, अमेरिकी पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहे. आधुनिक सोयी ही या इमारतीवर पुढे लादलेली गोष्ट नसून तिच्या जन्माचेच प्रयोजन आहे. म्हणून जुन्या हॉटेलात नवे काही आणले की पावित्र्य भंगते, हा युक्तिवाद मुळातच लंगडा ठरतो. पहिल्या महायुद्धात येथे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. १९३३ मध्ये हार्बर बार उघडला. प्रत्येक टप्प्यावर आतली रचना बदलली.

सर्वांत मोठा बदल १९७३ चा. शेजारचे ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी उंच मनोरा बांधण्यात आला. वास्तुकार मेल्टन बेकर. मनोऱ्याच्या सज्जांना दिलेल्या कमानी जुन्या इमारतीचा सूर धरू पाहतात; तो कितपत लागला यावर मतभेद आहेत आणि राहतील. अंतरंगाच्या दृष्टीने मनोऱ्याने एक महत्त्वाची गोष्ट साधली. वाढीव खोल्या, मोठी स्वयंपाकघरे, यंत्रसामग्री यांचा भार नव्या इमारतीने उचलला आणि जुनीची मोडतोड टळली. प्रवेशही समुद्राच्या बाजूने सुरू झाला, आणि शहराकडच्या जुन्या अंगणात पोहण्याचा तलाव आला. या काळात हॉटेलसमूहाची धुरा अजित केरकर यांच्याकडे होती, तर अंतर्गत सजावटीत एलिझाबेथ केरकर यांचा मोठा वाटा होता. परदेशी साच्यातली सजावट उचलण्याऐवजी भारतीय हस्तकला, हातमाग, जुन्या बाजारातले लाकूडकाम आणि समकालीन चित्रे यांना त्यांनी जागा दिली. हुसेन आणि गायतोंडे यांची चित्रे भिंतींवर आली. तेव्हा ती ‘जुनी’ नव्हती. आज तीच वारशाचा भाग आहेत.

नंतर २६ नोव्हेंबर २००८. तीन दिवस चाललेल्या हल्ल्यात या एका हॉटेलात तीसहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत पाहुण्यांना वाचवणारे कर्मचारीही होते. जुन्या इमारतीचे वरचे मजले आगीत जळाले. मनोरा त्याच वर्षी २१ डिसेंबरला सुरू झाला. जुनी इमारत उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. या एकवीस महिन्यांत झालेल्या कामाकडे दोन थरांत पाहावे लागते. जिना, घुमट, सार्वजनिक दालने येथे जुने रूप परत आणण्यावर भर होता. खोल्यांच्या आत मात्र निरनिराळ्या देशांतल्या रचनाकारांनी समकालीन काम केले. काही गोष्टी नव्याच आल्या. दाराशी तपासणीची यंत्रे आली, रस्त्यावर अडथळे आले. हॉटेलात प्रवेश करण्याचा अनुभवच बदलला, आणि हा बदल कोणत्याही सजावटकाराने सुचवलेला नव्हता. मृतांची नावे कोरलेले स्मारक आज हॉटेलात आहे. अंतरंगाची रचना म्हणजे रंग आणि पडदे असे मानणाऱ्याने हे स्मारक जरूर पाहावे.

२०१७ मध्ये ताजच्या बाह्यरूपाला व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली. भारतातल्या इमारतीला अशी नोंदणी मिळण्याची ती पहिली वेळ. म्हणजे बाहेरचे रूप आता कायद्याने बांधले गेले. आत मात्र फेरबदल चालूच राहतील.

कोणत्या सालाकडे परतायचे?

जुनी वास्तू ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे नेमके कोणत्या सालात आणायची? सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलापुढे हा प्रश्न उघडपणे उभा राहिला. १८८७ मध्ये सुरू झालेले हे हॉटेल बरोबर शंभर वर्षांनी राष्ट्रीय स्मारक ठरले, मग १९८९ मध्ये बंद ठेवून दुरुस्त केले आणि १९९१ मध्ये उघडले. त्यासाठी १९१५ चे रूप आदर्श धरले होते. त्यानंतरच्या काळातली भर काढून टाकली गेली. २०१७ ते २०१९ मध्ये पुन्हा एकदा ते आतून नवे झाले. एक साल निवडले की त्यापुढचे सारे आयुष्य उपरे ठरते, ही या पद्धतीची किंमत.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने यावर वेगळी दिशा दाखवली आहे. इमारतीत निरनिराळ्या काळांनी घातलेली योग्य भर मान्य करावी. जेथे नवे घालणे अटळ असेल तेथे ते नवे आहे हे ओळखू यावे, पण एकूण रूपाशी विसंगत नसावे. सोप्या शब्दांत, जुन्याची नक्कल करून पाहणाऱ्याला फसवू नये. सागवानी कठड्याचा एक खांब मोडला तर नवा सागवानीच घालावा. पण जेथे कठडा कधी नव्हताच तेथे जुन्यासारखा दिसणारा फायबरचा कठडा लावून ‘हेरिटेज’ म्हणू नये. तेथे साधा, आजचा, नीट बसवलेला लोखंडी कठडा अधिक प्रामाणिक.

दुसरी उपयोगी कल्पना अमेरिकी लेखक स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ मध्ये इमारती कशा शिकत जातात यावर लिहिलेल्या पुस्तकात मांडली. इमारत ही एक वस्तू नाही, निरनिराळ्या वेगाने झिजणाऱ्या थरांची ती रचना आहे. सांगाडा तीस ते तीनशे वर्षे टिकतो. बाहेरची कातडी वीसेक वर्षांत बदलते. नळ, वायरी, वातानुकूलन यांचे आयुष्य सात ते पंधरा वर्षांचे. आडभिंतींची मांडणी दुकानात तीन वर्षांतही बदलते. खुर्च्या-दिवे तर रोज हलतात. शहाणपण यात आहे की झपाट्याने झिजणारा थर हळू झिजणाऱ्यात गाडू नये. भिंत फोडून नळ आत घातला की दहा वर्षांनी नळासाठी भिंत पुन्हा फोडावी लागते, आणि दर वेळी भिंतीचे आयुष्य घटते. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून वायर उघडी नेत. तो गरिबीचा उपाय होता असे आपण समजतो. थरांच्या हिशेबाने तो शहाणपणाचा होता.

कापूस, सागवान आणि चुना

ताजचे दरवाजे उघडले त्याच दशकात यवतमाळचेही रूप पालटत होते. १९०५ मध्ये ‘वणी’ जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले. मूर्तिजापूरहून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आली, तिलाच लोक पुढे प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले. ११३ किलोमीटरच्या या मार्गावरून कापूस मुख्य रेल्वेपर्यंत आणि तेथून मुंबईला जाई. कापसाबरोबर माणसे आली. व्यापारी, अडते, जिनिंगचे कारागीर, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, आणि या सगळ्यांना रात्रीपुरती जागा हवी होती. मध्यवस्तीतल्या जुन्या लॉजचे मूळ या गरजेत आहे. साहित्य संमेलनाच्या मांडवासाठीही हे गाव दोनदा सजले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ मध्ये अरुणा ढेरे. गावात परगावच्या माणसाला उतरायला जागा असणे ही सांस्कृतिक जीवनाचीही अट आहे.

गेल्या वर्षी बाजारपेठेतल्या अशाच एका दुमजली लॉजच्या तरुण मालकाने मला आपले नवे नकाशे दाखवले. दर्शनी भागावर चकचकीत पत्र्याचे आवरण, आत खोटे छत, सागवानी जिना काढून त्या जागी लिफ्ट, सगळीकडे गुळगुळीत फरशी. त्याचा प्रश्न सरळ होता: ‘काका, जुनं तसंच ठेवलं तं गिऱ्हाईक येईन का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज असणार आहे, आणि बाह्यवळण रस्त्यावर नवी हॉटेले उभी राहिली आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. गावोगावच्या खासगी इमारतींचे भवितव्य मात्र बहुधा मालकाच्या एका निर्णयावर ठरते. म्हणून त्याला भावनेपेक्षा हिशेबाच्या भाषेत उत्तर देणे मला योग्य वाटले.

पहिला हिशेब उन्हाचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो. जुन्या इमारतीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश आत घेतात, उंच छताखाली गरम हवा वर साचते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडते, रस्त्याकडची छपरी भिंतीवर ऊन पडू देत नाही. खोटे छत घालून झरोके बुजवले की ही सारी यंत्रणा बंद पडते. छत खाली आल्याने यंत्राला थोडी हवा कमी थंड करावी लागते हे खरे. पण छपरी काढून दर्शनी भिंतीवर काच किंवा पत्रा बसवला की ती बचत उन्हात जाते. उत्तम मार्ग असा: झरोक्यांना उघड-मीट होणारी काचेची झडप बसवावी, वातानुकूलन ठेवावे, आणि वर्षातले जे महिने पंख्यावर निघतात ते पंख्यावर काढता येतील अशी खोली ठेवावी. यंत्रांचे बाहेरचे डबे दर्शनी भागावर न टांगता मागच्या चौकाकडे न्यावेत.

दुसरा हिशेब ओलीचा. जुन्या भिंती माती किंवा चुन्यात बांधलेल्या. त्या ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात, आणि मालक म्हणतो, जुनी भिंतच वाईट. वास्तविक दोष झाकणाचा असतो. चुन्याचा गिलावा महाग पडतो, कारागीर मिळत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. कारागिरांची अडचण खरी आहे. पण चुन्यासाठी आम्हाला दूर जावे लागत नाही. वणी तालुक्यात राजूरच्या परिसरात चुनखडीच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या जिल्ह्याच्या हद्दीतच आहेत.

तिसरा हिशेब पाण्याचा. आजच्या पाहुण्याला खोलीला जोडून न्हाणीघर लागतेच, त्यात तडजोड चालत नाही. सागवानी तुळयांच्या माडीवर प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात न्हाणीघर काढले की गळती तुळईच्या टोकाशी भिंतीत मुरते, आणि लाकूड कुजते ते नेमके तेथे, जेथे ते दिसत नाही. त्याऐवजी मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर लोखंडी किंवा काँक्रीटचा अरुंद मनोरा उभारून सगळी न्हाणीघरे एकावर एक रचावीत, खोल्यांना तेथून दार द्यावे. लिफ्टही तेथेच. ताजने १९७३ मध्ये मोठ्या प्रमाणावर केले ते हेच: नव्या गरजांचा भार नव्या बांधणीवर, जुनी मोकळी. जिना मग वाचतो.

जिना वाचला तरी तो एकटा पुरेसा नाही. लाकडी इमारतीत बाहेर पडायला एकच लाकडी जिना असणे धोक्याचे आहे. दुसरा, न जळणारा जिना हवाच, आणि तो त्याच मागच्या मनोऱ्यात बसतो. वायरिंग पूर्णपणे नवे हवे, तेही नळीतून, भिंतीवरून. या बाबतीत जुनेपणाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. माणसांच्या जिवाशी जोडलेल्या गोष्टीत आजचाच नियम पाळायचा.

राहिले ते दिसणारे अंतरंग. तेथे मालकाने मनसोक्त नवे करावे. पलंग, दिवे, पडदे, आरसे आजच्या वळणाचे असू द्यावेत. एखाद्या भिंतीवर जिल्ह्यातल्या चित्रकाराचे आजचे काम लावावे, पुरातन वाटावे म्हणून विकत आणलेली गाडीची चाके आणि कंदील नकोत. या थराचे आयुष्य पाच-सात वर्षांचे, त्यामुळे त्यात केलेली चूकही तेवढीच जगते. सागवानी जिना, जाड भिंत, छपरी यांच्यातली चूक कायमची. पैसा कोठे जपून खर्चायचा आणि कोठे मोकळ्या हाताने, याचे उत्तर या फरकात आहे.

मी त्याला दोन आकडेमोडी करून आणायला सांगितल्या: एक त्याच्या नकाशाप्रमाणे, एक मागे मनोरा उभारून. दोन्हींचा खर्च त्याच्याच ठेकेदाराने काढला. दुसरा प्रस्ताव सुरुवातीला महाग निघाला, कारण पाया नव्याने खणावा लागतो. पण काम चालू असताना पुढच्या खोल्या बंद ठेवाव्या लागत नाहीत, म्हणजे उत्पन्न थांबत नाही. त्याने अजून निर्णय घेतलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना चकचकीत दर्शनी भाग हवा आहे, कारण त्यांच्या मते जुने दिसणे म्हणजे धंदा बसल्याची जाहिरात. ही समजूत एकट्या त्या घराची नाही, साऱ्या बाजारपेठेची आहे, आणि ती बदलायला एखादी चालणारी लॉज पुढे उभी राहावी लागेल. लेख लिहून ते होणार नाही.

तोवर एक काम मात्र बिनखर्चाचे आहे, आणि ते पाडापाडीच्या आधी व्हायला हवे. प्रत्येक जुन्या लॉजचा मोजमापांसह नकाशा काढून ठेवावा, दारे-झरोके-जिने यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि माळ्यावर पडलेली पाहुण्यांची रजिस्टरे रद्दीत घालू नयेत. नाव, गाव, आला कोठून, जाणार कोठे, कामाचे स्वरूप: लॉजच्या वहीतले हे रकाने म्हणजे गावात कोण, कशासाठी येत होते याचा इतिहास आहे. कापसाचे दलाल कोणत्या महिन्यात येत आणि कोणत्या वर्षापासून येईनासे झाले, हे गॅझेटिअरपेक्षा त्या वह्यांत बारकाईने सापडेल. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांना या कामाला लावले, तर पुढच्या पिढीला निदान आपण काय बदलले हे तरी कळेल.